लाकडी टँकवरचं पोस्टिंग

फौज सोडल्यावर मला एकच पोस्टिंग मिळालं, तेही लाकडी टँकवर. साल शहात्तर, महिना एप्रिल. जागा कोडोलीजवळचा माळ. रिपोर्टिंग टाइम सकाळी सहा.

मी दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचा, म्हणून निवृत्त झालो. काम टँकच्या गनरचं. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, त्यामुळे कसबा बावड्यात मी मेजर होतो. लढाईचा सिनेमा निघतोय आणि त्यांना टँकमधला माणूस हवाय, असं कळल्यावर लोकांनी मला पुढं केलं. मी आधी नाही म्हणालो. मग डायरेक्टर स्वतः घरी आले. म्हणाले, "मेजर, मला सगळं अस्सल पाहिजे." मला बरं वाटलं. आपलं काम कुणी आपल्याला विचारलं की कुणालाही बरं वाटतं.

अस्सल टँक काही मिळाला नाही. गणू मिस्त्री म्हणून एक सुतार होता, त्यानं उसाच्या ट्रॅक्टरवर प्लायवूड आणि पत्र्याचा सांगाडा चढवला. ट्रॅक म्हणून कारखान्याच्या भंगारातला जुना पट्टा लावला. गन म्हणजे शेताला पाणी द्यायचा पाइप. वरचं फिरणारं टरेट बैलगाडीच्या चाकावर बसवलं होतं. ते हातानं फिरवायचं आणि जागेवर आलं की लाकडी खुंटी मारायची. टँक एकच असल्यामुळे डावी बाजू आपल्या रंगात आणि उजवी शत्रूच्या रंगात रंगवली. डावीकडे निघाला की आपला, उजवीकडे निघाला की शत्रूचा. इंजिनाचा आवाज एका गुऱ्हाळावरच्या ऑइल इंजिनचा भरला. पडद्यावर तो ऐकून लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र गुळाचा वास यायचा.

आणखी एक गंमत. ट्रॅक्टरची सीट मागं असते आणि आमच्या टँकचा ड्रायव्हर पुढं बसतो. मिस्त्रीनं तोड काढली. त्यानं ट्रॅक्टरच उलटा बसवला. त्यामुळे आमचा टँक सगळी लढाई रिव्हर्स गिअरमध्ये लढला. हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. कारखान्याच्या यार्डात उसाची ट्रॉली रिव्हर्स लावण्यात पटाईत असलेला एक ड्रायव्हर कोडोलीतून आणला. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर आला आणि माझा चहा तसाच राहिला.

तो बशीर होता. दस्तगीरचा धाकटा भाऊ.

दस्तगीर माझ्या टँकचा ड्रायव्हर. मला बापू म्हणायचा. एकाहत्तरच्या लढाईत गेला. सुट्टीवर आल्यावर मी कोडोलीला त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईनं विचारलं, "लई तरास झाला काय रं त्येला?" मी म्हणालो, "न्हाय चाची. गोळा लागला. त्याला कळलंबी न्हाय." चाचीनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मग बरं झालं." त्या एका वाक्यावर ती माउली दिवस काढत होती. आणि ते वाक्य खोटं होतं.

खरं असं घडलं. दुपारचे दोन वीस. आमच्या टँकला मागून गोळा लागला. लोडर जागीच गेला. टरेट फिरवायची पॉवर बंद पडली, आत धूर झाला. कमांडर साहेब ओरडले, "बेल आउट! बेल आउट!" म्हणजे टँक सोडून बाहेर पडा. त्या वेळी गन ड्रायव्हरच्या हॅचवर होती. हॅच म्हणजे त्याच्या डोक्यावरचं झाकण. गन वर असली की ते उघडत नाही. म्हणून गनरला ड्रिल असतं: बाहेर पडण्याआधी हँडव्हील फिरवून गन बाजूला घ्यायची. पाच-सहा फेरे पुरतात. मी फिरवले नाहीत. मी उठलो. हेडसेटची वायर सुटायच्या आत दस्तगीरचा आवाज कानात आला.

"बापू, गन काढ माझ्यावरनं."

मी बाहेर उडी मारली. परत वळलो तेव्हा टँक पेटला होता. रिपोर्टमध्ये 'शत्रूच्या गोळ्यानं' असं लिहिलं गेलं. साहेबांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शूटिंगच्या जागी बशीर रोज डब्यातली भाकरी माझ्यापुढं करायचा. "मेजर, भाई कसा चालवायचा वो टँक?" असं विचारायचा. मी सांगायचो. क्लच, गिअर, खड्ड्यातून काढायची युक्ती, सगळं सांगायचो. हॅचचं सोडून. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

आता माझी चूक सांगतो. मिस्त्रीला मापं मी दिली होती. डायरेक्टरना अस्सल हवं होतं, मी अस्सल दिलं. ड्रायव्हरची जागा, हॅच, गनची उंची, सगळं फौजेसारखं. आत-बाहेर करायला तेवढं एकच झाकण. सांगाडा तयार झाल्यावर मी पाइप समोर फिरवून बघितला. तो बरोबर हॅचवर आला. तेव्हाच मिस्त्रीला म्हणायला हवं होतं, बाबा, मागं एक दार ठेव. पण तो विचारणार, का? आणि का ते बशीरच्या देखत सांगायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "झकास झालाय."

शेवटून दुसरा दिवस. सकाळचे साडेदहा. शॉट आपला टँक जळण्याचा. मागच्या बाजूला पत्र्याच्या ट्रेमध्ये पाचट आणि जळकं ऑइल ठेवलं होतं. धूर करायचा, टँक वीस पावलं चालवायचा आणि कट. डायरेक्टर म्हणाले, "गन कॅमेऱ्यावर पाहिजे. एकदम समोर." मिस्त्रीनं पाइप समोर घेतला आणि खुंटी मारली. मी बघत होतो. एक शब्द बोललो नाही.

ट्रे पेटवला. बशीरनं टँक हलवला. दहा पावलं गेली आणि माळावरचा वारा फिरला. ट्रेमधली आग सांगाड्याला आतून लावलेल्या गोणपाटाला लागली. टँक थांबला.

"वा!" डायरेक्टर ओरडले. "चालू ठेवा! कट नाही!"

मग आतून ठोकल्याचा आवाज आला. प्लायवूडवर मूठ आपटल्याचा. कुणाला वाटलं ट्रॅक्टरचं इंजिन ठोके देतंय. मला तसं वाटलं नाही.

मी पळालो. कॅमेऱ्यासमोरून पळालो. टँकवर चढलो. खुंटी धुरात दिसेना, हातानं चाचपली. उपटली. टरेटला खांदा लावला, पण चाक अडकलं होतं. खालून बशीर ओरडत होता, "मेजर, उघडंना!" मी तापलेल्या पत्र्यावर दोन्ही हात रोवले आणि आईला हाक मारून रेटलं. पाइप सरकला. झाकण उघडलं. मी त्याला काखेत धरून वर ओढलं. आम्ही दोघं मातीत पडलो.

लोकांनी पाण्याचे डबे ओतले. मिस्त्री रडायला लागला. मी त्याला सांगितलं, "तुजा दोष न्हाय. मापं माजी हुती."

बशीर बराच वेळ खोकला. पाणी प्याला. जळालेल्या सांगाड्याकडं, मग त्या पाइपाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मेजर, भाईचं असंच झालतं न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

"गन कुणाच्या हातात हुती?"

"माझ्या."

"त्यानं हाक मारली काय?"

"मारली. मला ऐकू आली. मी भ्यालो."

एवढं बोलायला मला पाच वर्षं लागली. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो उठला आणि माझ्या हातांकडं बघत राहिला. तळव्यांची कातडी सुटली होती. त्यानं आपला पटका भिजवून माझ्या हातांना गुंडाळला. पटका बांधताना तो रडत होता आणि मला शिव्या देत होता. दोन्ही एकदम. शेवटी एवढंच म्हणाला, "अम्माला सांगायचं न्हाय. ह्ये तुमचं आनि माजं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. नंतरही माझ्याशी फार बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

सिनेमा लागला तेव्हा त्यानं चाचीला कोल्हापुरात आणलं. मला निरोप धाडला, अम्मा तुम्हाला बोलावती. मी गेलो. चाची मध्ये, बशीर पलीकडं, मी अलीकडं. पडद्यावर टँक पेटला. माझं पळणं कापलं होतं, आणि ठोकल्याचा आवाज गुऱ्हाळाच्या इंजिनाखाली गेला होता. आग मोठी झाली आणि टँकमधून कुणी बाहेर आलं नाही. चाचीनं अंधारात माझा हात हातात घेतला. तळव्यावरचे वण तिच्या बोटांना लागले असणार.

"बघ की," ती म्हणाली, "त्येला कळलंबी न्हाय."

बशीरनं मान माझ्याकडं वळवली नाही. मी म्हणालो, "न्हाय चाची."

सवार दस्तगीर. ट्रेड ड्रायव्हर. गाव कोडोली. तो टँक इतका हळुवार चालवायचा की आत चहा सांडत नसे. त्यानं मला एकच ऑर्डर दिली होती. ती मी ऐकली होती. वेळेवर पाळली असती, तर चाचीशेजारच्या त्या खुर्चीत मी नसतो, तो असता.