पडदा दामिनीने ओढला

लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानात वाढलेल्या अंकितला बापाने एकच मंत्र दिला होता: बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पोराने तो नको तिथे वापरला.

तो नोकरीसाठी गेला ती, संत्री आकारानुसार निवडणारी यंत्रं बनवणारी नवी कंपनी मुलाखत घेतच नसे. दोघा उमेदवारांना मिळून एक बिघडलेलं यंत्र द्यायचं आणि संध्याकाळी एकेकट्याला विचारायचं, सोबत्याने काय केलं? अंकितच्या जोडीला पारशिवनीची दामिनी आली. यंत्र मोठ्या संत्र्यांनाही लहान ठरवत होतं. अंकित दुपारपर्यंत वायरी उसवत बसला, मधूनमधून दामिनीलाही हात लावू देत. शेवटी दामिनीने उठून खिडकीचा पडदा ओढला. कॅमेऱ्यावरचं ऊन गेलं आणि यंत्र शहाण्यासारखं चालू लागलं.

संध्याकाळी अंकितने मालकीणबाईंना, म्हणजे प्रेमलता मॅडमना बेधडक सांगितलं, "दोष मीच शोधला. ती नुसती पाने-पक्कड हातात देऊन राहिली होती."

तरी दोघांचीही निवड झाली. पहिल्या दिवशी सगळे डबे उघडून गोल बसले. इथली रीत अशी, की नव्या माणसाने स्वतःची नाही, जोडीदाराची ओळख करून द्यायची.

दामिनी आधी उठली. "कॉलेजात पोट्टे मले मशीनले हात लावू देत नव्हते. अंकितनं लावू दिला. मॅडमले मी तेव्हाच म्हटलं, याले घ्या."

अंकितने हातातला घास डब्यात परत ठेवला. आता त्याची पाळी होती. दोन गोड शब्द बोलून निभावता आलं असतं, पण एवढ्या निर्मळ बोलण्यानंतर जीभच उचलेना.

"दोष हिनं शोधला," तो कसाबसा म्हणाला. "मी मॅडमले खोटं सांगितलं."

प्रेमलता मॅडमनी पोळी खाली ठेवली. "इथं सोबत्याच्या शब्दावर नोकरी मिळते, अंकित. तुझी हिच्या शब्दावर मिळाली. हिचं नाव मात्र तुझ्या शब्दावर कटलंच होतं. हिला पडदा ओढताना मी दारातून पाहिलं, म्हणून वाचलं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते अंकितला त्या क्षणी कळलं. ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं.

दामिनी रागावली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"माहं नाव कटावं म्हणून सांगितलं होतं का गा तू?"

"हो," अंकित म्हणाला.