सगळ्या घंटांना उत्तर मिळालं

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच तिचं काम. कोणी प्रोग्राममधली एक ओळ इकडची तिकडे केली, की मशीन आपोआप शेकडो टेस्ट चालवायचं. ठीक असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल. त्या टेस्टना लागणारे हेल्पर ती स्वतः लिहायची. हेल्पर म्हणजे चार-सहा ओळींचा तुकडा. एकच गोष्ट तपासायची आणि काय चुकलं ते सांगायचं. इतरांचे हेल्पर ‘हवे पाच, मिळाले चार’ एवढं पुटपुटून गप्प बसत. हिचे अख्खं वाक्य बोलत: ‘खोली नऊची घंटा वाजून सहा मिनिटं झाली, अजून कोणी गेलेलं नाही. काय चाललंय?’ लोक हसत, पण मुकाट्याने दुरुस्त करत.

कंपनी वृद्धाश्रमांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पलंगाशेजारचं बटण दाबलं की नर्सच्या फलकावर खोलीचा नंबर उमटायचा. तिच्या सगळ्यात लाडक्या हेल्परचं नाव होतं ‘सगळ्या घंटांना उत्तर मिळालं’. तो घंटांच्या यादीतली एकेक घंटा बघायचा, आणि उत्तर न मिळालेली एकही सापडली नाही की हिरवी खूण द्यायचा. चाळीस टेस्ट त्याच्यावर विसंबून होत्या. तीही होती.

म्हणून तर मावशीला कुठे ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा तिने एका आश्रमाचं नाव घेऊन छातीठोकपणे सांगितलं, “आमचंच सॉफ्टवेअर आहे तिथे. मी स्वतः तपासते.”

मावशी तिथे सात आठवडे राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून तिचं एकच पालुपद, “अगं, मी बटण दाबते, कोणी येत नाही.” हिने ऑफिसात जाऊन टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. “मावशी, तुला झोपेत भास होत असेल. मी बघितलंय,” असं तिने सांगितलं, आणि वर हसलीसुद्धा. मावशीने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एका पहाटे मावशी एकटीच बाथरूमकडे निघाली आणि पडली. सहाच्या फेरीला नर्सला सापडली तेव्हा सगळं संपलं होतं. फलकावर घंटेची नोंद नव्हती. आईचा राग त्यावरच. “बटण हाताशी होतं. दाबायला काय झालं होतं हिला? जन्मभर हट्टीपणा.” वर्ष उलटलं तरी भाजी चिरताना आई सुरी थांबवून हेच बोलायची, समोर कोणी असो नसो. आणि हिचं असं झालं होतं, की घरात कुठे बारीकसं काही वाजलं तरी अंगावर काटा यायचा. मोबाइल मुका, मायक्रोवेव्हचा आवाज बंद, दारावरची बेलसुद्धा तिने काढून टाकली होती. तरी अधूनमधून कानात वाजायचंच. भीती वाटायची, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ ओशाळत तिच्या टेबलाशी आले. टेस्टसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या घंटा त्यांनी चुकून पुसल्या होत्या. “बाई, आता तुमच्या चाळीसही टेस्ट बोंबलणार. आधीच माफी मागतो.”

तिने टेस्ट चालवल्या. चाळीसच्या चाळीस हिरव्या.

“चला, वाचलो,” म्हणून ते गेले. तिला मात्र ते पटेना. घंटाच नाहीत, मग उत्तर मिळालं कोणाला? तिने हेल्पर उघडला. यादीत काहीच नसेल तर चुकलेली घंटा सापडणार कुठून? रिकामी यादी बघूनही तो खुशाल हिरवी खूण देत होता. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि केली कोणी, तर मास्तरीणबाईंनी.

नमुन्याच्या घंटा परत आणवून तिने एक ओळ वाढवली: यादी रिकामी असेल तर लाल. एकोणचाळीस टेस्ट हिरव्या राहिल्या. चाळिसावी नंबरात अक्षर असलेल्या खोल्यांची होती, ती लाल झाली. प्रोग्रामला फक्त आकडे कळत होते. अक्षर दिसलं की ती घंटा यादीत किंवा फलकावर न जाता कोणी न उघडलेल्या एका फायलीत जाऊन पडत होती. त्या आश्रमात एका मोठ्या खोलीत मधे भिंत घालून दोन केल्या होत्या, चौदा-अ आणि चौदा-ब. मावशी तिसऱ्या आठवड्यापासून चौदा-अ मध्ये होती.

तिने आधी आश्रमात फोन लावला. “त्या दोन्ही खोल्यांबाहेर आत्ताच्या आत्ता माणूस बसवा. घंटेवर विसंबू नका.”

“अ तर वर्षभर रिकामीच आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि ब मधल्या आजोबांना बटण कशाचं तेच कळत नाही. पण बसवतो.” मग तिने साहेबांना सगळं सांगितलं, आणि शेवटी ती फाइल उघडली. त्या पहाटेच्या अकरा ओळी होत्या.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात बसली होती. ऑफिसातून आल्याआल्या तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, स्वतःचं ते ‘मी बघितलंय’सुद्धा गाळलं नाही. आईने ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, असं तिला फार वाटत होतं.

“किती वेळा दाबलं?” आईने विचारलं.

“अकरा.”

“वेळा लिहिल्यात?”

“हो.”

“वाच.”

तिने खिशातून कागद काढला. “पाच वाजून दहा मिनिटं.”

“आले गं,” आई म्हणाली.

तिने मान वर केली. आई तिच्याकडे बघत नव्हती.

“पाच बारा.”

“आले.”

“पाच तेरा.”

“आले गं, आले.”

ती वाचत गेली आणि आई दहाव्या वेळेपर्यंत ओ देत गेली. अकरावी तेवढी उरली.

“पाच एक्केचाळीस,” तिने वाचलं, आणि कागद खाली ठेवून स्वतःच म्हणाली, “आले, मावशी.”