बारवाले काका

नव्या इमारतींतल्या लोकांना वाटायचं, काकांचा कधीकाळी दारूचा बार असावा. म्हणून तर त्यांना 'बारवाले काका' म्हणतात. काका खुलासा करायच्या भानगडीत पडत नसत. शहराच्या या टोकाला तेव्हा दगडाची खाण होती आणि तिथे ते सुरुंगाचे बार उडवायचे. त्यातच त्यांचा एक कान कायमचा गेला.

बस शेवटच्या थांब्यावर वळते, तिथे पूर्वी टेकडी होती. ती फोडून शहराचे रस्ते झाले, पूल झाले. टेकडी सपाट झाल्यावर खाणीच्या मालकाने खाली खणायला घेतलं. खाणीच्या कडेने पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि तीच या उपनगराची सुरुवात. त्यातल्या एका खोलीत काका, त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय राहायची.

एका पावसाळ्यानंतर खाणीचा एक कडा सुटत चालला होता. काकांनी पहारीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला.

"मी नाही जाणार खाली," ते मुकादमाला म्हणाले.

"तुझ्यावाचून काम अडतंय होय?" म्हणत मुकादमाने धाकट्याला पाठवलं. नवं लग्न, अंगात रग. तो हसत हसत उतरला. बार उडायच्या आधीच कडा खाली आला.

मालक म्हणाला, दगड उपसायला गेलो तर आणखी माणसं जातील. खाण बंद झाली. खड्ड्यात पाणी साचलं, मग शहराने आपला कचरा आणून ओतला. वरून माती पडली, भोवती इमारती आल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेवर बाग झाली. भावाचं हाडही कुणाच्या हाती लागलं नाही.

भावजय तेव्हा पोटुशी होती. तिने शिवणकाम करून मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं. काकांनी जमेल तसा हातभार लावला. ती त्यांना जेवायला वाढायची, पण कामापुरतं सोडून अवाक्षर बोलायची नाही.

बागेच्या उद्घाटनाला पुढारी म्हणाले, "इथे पूर्वी काय होतं? नुसता ओसाड खड्डा."

काका उभे राहिले. "माझा भाऊ आहे खाली," ते म्हणाले. कान गेल्यामुळे त्यांचा आवाज उगाच मोठा निघाला. पुढारी हसून म्हणाले, "काकांना जरा सावलीत बसवा, पाणी द्या." दोघांनी दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. भावजयीने शिलाई मशीन थांबवलं.

"आज बोललात म्हणे, भाऊजी. तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो होतो गं. मी जाणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं मुकादमाला."

"तुम्ही जाणार नाही म्हणालात. कुणीच जाऊ नका, असं नाही म्हणालात. तुम्हाला कळलं होतं, त्यांना नव्हतं कळलं."

काकांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. इतकी वर्षं ते मालकाला, मुकादमाला शिव्या घालत आले होते. भावजय मात्र तेवढी वर्षं त्यांचाच हिशोब मांडत बसली होती, आणि तो चुकीचा होता असं त्यांना म्हणता येईना.

तिने ताट वाढलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

आता संध्याकाळी ती नातीला घेऊन बागेत जाते, झोपाळ्याजवळच्या बाकावर बसते. काका दुकानात जायलासुद्धा मागच्या रस्त्याने लांबचा फेरा घेतात.