खिळ्यावर नसलेला हूक

ती घटना विसरता आली असती तर माझी निवृत्ती बरी गेली असती. लोक मला व्याख्यानांना बोलावतात, शाल घालतात आणि विचारतात, "साहेब, तुमच्या अनुभवातून नेतृत्वाचे चार धडे सांगा." मी सांगतो. वक्तशीरपणा, शिस्त, निर्णयक्षमता वगैरे. टाळ्या पडतात, चहा होतो, मी घरी येतो. ही हकीकत मात्र मी कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेली नाही. इथेही कोणाचं नाव घेणार नाही. दोषी माणसाचं नाव तेवढं लेखाच्या वर छापलेलं आहे.

मी तेव्हा पुण्यातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. माझ्या हाताखाली एक हवालदार होते. कसबा पेठेत जन्मलेले, नोकरीची वीस वर्षं झालेली, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना बातम्या मिळायच्या. टपरीवाला, टेम्पोवाला, हमाल, सगळे त्यांच्याशी बोलायचे, कारण ते ऐकून घ्यायचे. एकदा त्यांनी बातमी आणली की चोरीच्या दुचाकी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात लपवल्या आहेत. मी पथक घेऊन गेलो. वाड्यात निघाली एक मोडकी सायकल आणि संतापलेले घरमालक. "अहो, आपण पोलीस आहात की भंगारवाले?" असं त्यांनी अख्ख्या गल्लीसमोर विचारलं. गोष्ट वरपर्यंत गेली आणि माझी चांगलीच शोभा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीत मी तो राग काढला. सगळं ठाणं रांगेत उभं असताना हवालदारांना पुढे बोलावलं आणि म्हणालो, "ही बातमी होती की कट्ट्यावरची गप? यापुढे अर्धवट माहिती घेऊन माझ्या केबिनमध्ये कोणी पाऊल टाकायचं नाही. पक्की असेल तरच यायचं. नाहीतर आयुष्यभर चौकात शिट्टी फुंकायला उभा करीन." रांगेत हशा पिकला. हवालदार खाली बघत राहिले. माझा एक तरुण उपनिरीक्षक तर म्हणाला, "सर, काय वाक्य बोललात!" मलाही ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? पुढे प्रत्येक हजेरीत मी ते वाक्य ऐकवत गेलो आणि महिनाभरात केबिनबाहेरची गर्दी कमी झाली. मला वाटलं, शिस्त लागली.

त्यानंतर एका मंगळवारी सकाळी एक बाई ठाण्यात आल्या. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याची बायको. नवरा सोमवारी सकाळी कामावर गेला, तो परत आला नव्हता. फोन बंद. सोबत त्यांचा सख्खा भाऊ होता. हरवल्याची नोंद घेतली, फोटो घेतला. बोलता बोलता कळलं की रविवारी या मेहुण्या-मेहुण्यांचं भांडण झालं होतं. भावाच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं, मनगटावर ओरखडा होता आणि तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. झालं! मला माझा आरोपी मिळाला.

त्याला मी आत घेतलं. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न, दहा तऱ्हांनी. तो एकच सांगत राहिला. "साहेब, दाजी ताईवर हात उगारतात म्हणून मी त्यांची कॉलर धरली. तेवढंच. सोमवारी मी कंपनीत होतो, विचारा." मी विचारलं नाही. एक कानाखालीही दिली, तेही इथे कबूल करतो. बाहेर बाकावर त्याची बहीण बसलेली होती. नवरा हरवलेला आणि भाऊ आत. दर तासाला ती ठाणे अंमलदाराला विचारायची, "काही कळलं का हो?"

आता त्याच दिवशी दुपारी काय झालं ते सांगतो. हे मला नंतर कळलं.

हवालदार स्वतःहूनच यार्डात गेले होते. हमालांच्या टोळीची एक रीत असते. प्रत्येकाचा पोतं उचलायचा लोखंडी हूक असतो आणि काम संपलं की तो टोळीच्या शेडमधल्या आपापल्या खिळ्याला अडकवूनच माणूस घरी जातो. हूक कोणी घरी नेत नाही, कोणी उसना देत नाही. मुकादम संध्याकाळी खिळे बघतो आणि त्याला हजेरी कळते. त्या मुकादमाने हवालदारांना भिंत दाखवली. एक खिळा मोकळा होता.

"हूक न्हाई म्हंजी गडी अजून कामावरच हाय, हवालदार," तो म्हणाला. "टोळी सुटल्यावर कुनीतरी त्याला एकट्यालाच थप्पी लावायला बोलावलं आसंल. आमच्यात तसं जायचं नसतंय, म्हनून त्यो बोलला नसंल. आन् मागच्या रस्त्याचं एक गोदाम आज सकाळपास्नं बंद हाय. ऐन हंगामात कोन बंद ठेवतंय?"

"मग बघितलं का नाही?"

"परक्याचं कुलूप आमी कसं तोडायचं? ते काम तुमचं."

हवालदार तडक ठाण्यात आले. दुपारचे दोन वाजले होते. माझ्या केबिनच्या दारापर्यंत आले. आतून माझा चढलेला आवाज येत होता. त्यांच्यापाशी काय होतं? एक मोकळा खिळा आणि एक बंद शटर. गोदाम कोणाचं, ठाऊक नाही. त्या माणसाला तिथे जाताना कोणी पाहिलं, ठाऊक नाही. ते दोन मिनिटं उभे राहिले आणि परत फिरले. माहिती पक्की करायला गेले. मालक कोण, किल्ली कोणाकडे, सोमवारी संध्याकाळी तिथे कोण होतं, हे सगळं शोधण्यात उरलेला दिवस गेला. चारच्या सुमारास आणखी एकदा दारापर्यंत येऊन गेले, असं ठाणे अंमलदाराने पुढे सांगितलं.

बुधवारी सकाळी हजेरीत ते एक पाऊल पुढे आले. "साहेब, माहिती पक्की आहे." मालकाचं नाव, पत्ता, सोमवारी सहा वाजता हमालाला आत जाताना पाहणारा टेम्पोचालक, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. एकही दुवा कच्चा नव्हता. मी म्हणालो, "याला म्हणतात काम!" आणि आम्ही निघालो.

साडेदहाला पंचांसमक्ष कुलूप तोडलं. आत तांदळाच्या पोत्यांची छतापर्यंत गेलेली थप्पी कोसळली होती. टोळीचे हमाल पुढे झाले आणि न सांगता पोती उपसू लागले. तो भिंतीलगत सापडला. पाय पोत्यांखाली चिरडलेले, वरचं अंग मोकळं, उजव्या हातात हूक. त्या हाताच्या उंचीवर भिंतीचा गिलावा वीतभर रुंद उकरला गेला होता. तो भिंतीवर ठोकत राहिला होता. शेजारच्या गोदामातल्या दिवाणजीने जबाबात सांगितलं, "काल दिवसभर आवाज येत होता साहेब. आम्हाला वाटलं, पलीकडे खिळे ठोकतायत."

डॉक्टर म्हणाले, मृत्यू पहाटेचा आहे, फार तर पाच-सहा तासांपूर्वीचा.

मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

मालकाला दुपारी घरून उचललं. त्याची पाचावर धारण बसली होती, तासाभरात सगळं ओकला. बेकायदा उंच थप्पी लावून घेत होता, ती पडली, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मेला असं समजून शटर ओढलं आणि गावाला पळायची तयारी करत बसला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. चोवीस तासांत छडा, म्हणून वर्तमानपत्रांत बातमी आली आणि मला वरून प्रशंसापत्र मिळालं. ते अजून घरात आहे, कपाटात उलटं ठेवलेलं.

बाईंना मी स्वतः सांगितलं. त्या रडल्या नाहीत. भावाकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "साहेब, मुकादम म्हणतो तुमचा माणूस काल दुपारीच येऊन सगळं ऐकून गेला. काल दुपारी माझा माणूस जिवंत होता ना?"

मी टोपी घातली आणि निघालो. तीस वर्षांत हजारो लोकांना उत्तर द्यायला लावलं होतं.

पण खरी लाज पुढेच आहे. वरून विचारणा झाली की माहिती मंगळवारी मिळूनही कारवाई बुधवारी का? नियमाप्रमाणे मी हवालदारांचा खुलासा मागवला. त्यांनी एका ओळीत दिला. "माहिती अपूर्ण असल्याने सादर केली नाही." हजेरीचा उल्लेख नाही, माझ्या वाक्याचा नाही, हशाचा नाही. तो कागद मी बराच वेळ हातात धरला. एका बाजूला माझी बढती होती, दुसऱ्या बाजूला हा माणूस. मी शेरा लिहिला, "खुलासा असमाधानकारक." आणि सही केली. त्यांची वेतनवाढ रोखली गेली, मुख्यालयात बदली झाली. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर एकदा मी धीर करून कसब्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा दिला. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, जसं ते सगळ्यांचं ऐकायचे.

"त्या दिवशी दोन वाजता मी आत आलो असतो, तर तुम्ही ऐकलं असतंत का, साहेब?"

"खरं सांगू? माहीत नाही."

"मलाही माहीत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर परत फिरलो. तो ठोकत होता तेव्हा मी टेम्पोवाल्याचा पत्ता शोधत होतो. झोप तुम्हालाच लागत नाही असं नाही." मग त्यांनी चहाचे कप उचलून आत नेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी उठून आलो.

कोणी म्हणेल, चुकलात पण शिकलात तर खरं. शिकलो ना. वरिष्ठाने आपल्या दारात भीती उभी केली की आत फक्त त्याला आवडणारी बातमी येते, आणि तीही उशिरा. हे मला कळलं. पण ज्याच्यासाठी कळायला हवं होतं तो भिंत उकरत गेला, आणि माझं शहाणपण आता कोणाच्या उपयोगाचं?

गेल्या महिन्यात या प्रश्नाचाही निकाल लागला. तो माझा तेव्हाचा तरुण उपनिरीक्षक आता एका ठाण्याचा प्रमुख आहे. त्याने आग्रहाने बोलावलं, नवं केबिन दाखवलं. खुर्चीमागे भिंतीवर चौकट होती. सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, 'अर्धवट माहिती घेऊन आत येऊ नये.'

"तुमचंच वाक्य, सर. माझ्या लीडरशिपचा बेसच तो आहे."

"काढ ते," मी म्हणालो. "त्या वाक्याने माणूस मेलाय."

तो हसला. "सर, तुम्ही पण ना! अहो, ती केस तर आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगतो. पक्की माहिती मिळाल्यावर कसा छडा लागतो त्याचं उदाहरण म्हणून." त्याला मी सगळं सांगायला सुरुवात केली. त्याचा फोन वाजला, त्याने हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली आणि तो फोनवर बोलत राहिला. मी उठून बाहेर आलो.

दाराबाहेर एक हवालदार उभा होता. हातात चिठोरा, घाम फुटलेला. मला पाहून बाजूला सरकला.

"काय आहे?" मी विचारलं. "आत जा की."

त्याने बंद होणाऱ्या दाराकडे पाहिलं आणि चिठोरा खिशात घातला.

"अजून पक्कं नाही साहेब," तो म्हणाला. "पक्कं करून येतो." आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला.