भिंतीला टेकून उभी असलेली बाई

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.कॉम. त्याचा माज होता, तोही लपवत नाही.

आई मंडईत पालेभाजी विकायची. माझ्या पदवीदान समारंभाला आली, पण तीन तास मागे भिंतीला टेकून उभी. समोर खुर्च्या रिकाम्या! मी चिडून म्हटलं, "बस ना गं, लोक बघतायत."

"उभीच बरी हाय मी."

मला वाटलं, गावंढळपणा. वर्षभरात ती गेली. अंगात रक्तच उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. का उरलं नाही, हे मी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी मलाच पाळीत अतोनात रक्तस्राव सुरू झाला. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आईला होता का असा त्रास?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

पिशवी काढायची नाही, दुर्बिणीतून आतलं अस्तर तेवढं जाळायचं, असं ठरलं. ना चीर, ना टाके, संध्याकाळी घरी.

दुपारी भुलीतून जागी झाले. नवरा औषधं आणायला खाली गेलेला. खोलीत फक्त आयामावशी.

"आई आत्ताच गेल्या तुमच्या," त्या म्हणाल्या.

"आई नाहीये मला, मावशी. अठरा वर्षं झाली."

"मग त्या कोण? हनुवटीवर गोंदण, हाताला कोथिंबिरीचा वास... केव्हाच्या भिंतीला टेकून उभ्या! म्हटलं, अहो, बसा की. तर म्हणे, 'नगं, अंगावरून लई जातंय, खुर्ची खराब व्हईल.'"

ते तीन तास... त्या रिकाम्या खुर्च्या.

"मग?"

"मग काय! म्हटलं, खराब झाली तर धुऊ, त्यात काय एवढं? तेव्हा बसल्या बिचाऱ्या. तुमच्या पायावर हात ठेवून."

खुर्ची कोरडी होती, स्वच्छ. जिन्यात नवऱ्याला कुणी भेटलं नाही. भुलीचा परिणाम म्हणाल, पण भूल मला दिली होती, मावशींना नाही. आणि डॉक्टरबाईंना दिलेल्या त्या एका 'नाही'शिवाय आईबद्दल मी तिथे कुणाशी चकार शब्द बोलले नव्हते. कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

खराब झाली तर धुऊ... एवढंच तर म्हणायचं होतं. मला सुचलं नाही.