मिक्सर उघडायची परवानगी

आमचे हे डिफेन्स फॅक्टरीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाले आणि फॅक्टरीच्या जागी माझं स्वयंपाकघर आलं. यांचं तत्त्व एकच: बिघडायच्या आधी दुरुस्त करायचं. म्हणून दर रविवारी काही ना काही उघडून पडलेलं. खोटं काहून बोलू, आमच्या घरात वस्तू कधी बिघडत नाही. पण हवी तेव्हा मिळतही नाही!

त्या रविवारी मला साठ पुरणपोळ्या करून द्यायच्या होत्या. आमच्याच शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्यातल्या ओळखीच्या एका भाभींकडे मुलीची गोदभराई, म्हणजे आपलं डोहाळजेवण होतं आणि हलवायाला सोडून त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या आयुष्यातली पहिली ऑर्डर. ती फसली तर दुसरी कोण देणार? सकाळी डाळ शिजवली, गूळ घालून आटवली, फोनवर "हो जाएगा जी, चिंता मत करो" असं ठसक्यात सांगितलं आणि वळून पाहते तो काय! मिक्सरची मोटर पेपरवर पसरलेली, शेजारी हे मांडी घालून.

"अहो, हे काय करून राहिलात?"

"आवाज जरा बदलला होता. तासाभरात देतो."

यांचा तास मला ठाऊक आहे. तळपायाची आग मस्तकात गेली.

"फॅक्टरीत असंच कोणाला न विचारता मशीन उघडायचात?"

"छे! प्रोडक्शनवाल्यानं लिहून दिल्याशिवाय हात नाही लावता यायचा."

"मग या घरात प्रोडक्शन कोण आहे?"

हे उठले, माळ्यावरून जुनं पुरणयंत्र काढलं, धुतलं आणि बसले हँडल फिरवत. बनियन घामानं चिंब. मी भरत गेले, लाटत गेले. साठच्या साठ पोळ्या वेळेवर पोचल्या. संध्याकाळी भाभींचा फोन, "दीदी, एक भी नहीं बची!" आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या नणंदेकडे चाळीस हव्यात.

पुढच्या रविवारी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. आत येईनात.

"मिक्सर आज मोकळा आहे का? उघडू?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझ्या कामाची वेळ या माणसानं पहिल्यांदा विचारली. डोळेच भरून आले माझे. मिक्सर मोकळाच होता, दिवसभर काही वाटायचं नव्हतं.

"आज नाही जमणार," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले.