टाके घातलेली उत्तरपत्रिका

आमची आत्या सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवते. बाही उलटी लागली तर डोळे मिटूनही तिच्या हाताला कळतं. पण इंग्रजी वाक्य उलटं लागलं की बाई गारद! आता तर सुईचं छिद्रही दिसेनासं झालंय. रोज सकाळी मीच दोरा ओवून देते आणि ती सुई खांद्याशी खोचून कामाला जाते. डॉक्टर म्हणाले, शिवण बंद. कारखान्यात राहायचं तर सुपरवायझर व्हायचं, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. दोनदा आपटलेली. ही तिसरी आणि शेवटची.

शिकवायला कोण? अस्मादिक! विस्कटलेले शब्द जागेवर लावायचा प्रश्न आला की आत्या गटांगळ्या खायची.

"अगं, नुसतं बघून नाही जमत. हातात दे!"

मी एकेका शब्दाची चिठ्ठी करून दिली. काय सांगू! शर्टाचे भाग मांडावेत तशा तिने भराभर लावल्या. 'फाइव्ह फिनिश बिफोर द वर्क'चं 'फिनिश द वर्क बिफोर फाइव्ह' झालं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो.

परीक्षेला मी बाहेर, खिडकीशी. आत्याने दहा विस्कटलेल्या वाक्यांची प्रश्नपत्रिका पाहिली, घाम पुसला, आणि घड्या घालून ती चक्क फाडायला घेतली! तिने शब्द बाकावर मांडले, सरकवले, गालात हसली. मग उतरवून काढायचं सोडून खांद्याची सुई उपसली आणि दहाही वाक्यं उत्तरपत्रिकेवर शिवून टाकली!

परीक्षा घेणारे साहेब लालबुंद. "अहो बाई, उत्तरं लिहायची असतात!"

"अगं बाई! चुकलंच साहेब. आमच्याकडे जुळलं की लगेच टाका घालतात. हात थांबलाच नाही." तिचे डोळे भरले.

साहेबांनी वाचलं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. दहाच्या दहा!

"पण उद्या कुणी म्हटलं, शब्द मागाहून हलवले, तर?"

आत्या ताडकन उभी. "माझा टाका? ओढून बघा!"

साहेबांनी खरंच ओढलं. कागद फाटला, टाका जागचा हलला नाही. हसू दाबत त्यांनी खाली 'पास' लिहिलं.

आत्या धावत बाहेर आली आणि सुई माझ्या कॉलरला खोचली.

"घे. उद्यापासून ओवायची नाही हं."

आणि खदाखदा हसता हसता रडायलाच लागली. मीही.